जखम भरली, तरी ठणका का थांबत नाही?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या फिजिओथेरपी केंद्रात येणारी बरीच मंडळी घरी मराठी बोलतात आणि डॉक्टरांशी गुजराती किंवा हिंदी. मग कळ, चमक, ठणका, आग, मुंग्या या सगळ्याचं मिळून एकच ‘दुखे छे’ होतं. आम्हाला तर नेमका तोच फरक हवा असतो. म्हणून हे पत्रक मराठीत काढलं आहे.

अंधारात पायाचं बोट पलंगाच्या खुराला आपटलं की आधी सणकन कळ येते आणि मग सावकाश ठणका चढतो. मार एकच, पण त्याची खबर नसांमधल्या दोन प्रकारच्या तंतूंनी वर जाते. कळ नेणाऱ्या ए-डेल्टा तंतूंवर पातळ आवरण असतं, त्यामुळे त्यांचा निरोप सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगानं धावतो. ठणका आणि आग नेणारे सी तंतू उघडेच असतात. त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम मीटरभर, आणि बोटापासून कण्यापर्यंतचं अंतरही साधारण तेवढंच. म्हणून ठणका सेकंदभर मागून येतो.

या तंतूंच्या टोकांवर सूक्ष्म दारं असतात. त्यातलं टीआरपीव्ही-१ नावाचं दार डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ मध्ये ओळखलं. पुढे २०२१ च्या नोबेल पुरस्कारात या कामाचा मोठा वाटा होता. हे दार साधारण ४३ अंश सेल्सियसला उघडतं आणि मिरचीतल्या कॅप्सेसिननंही उघडतं. सेव-उसळीची तरी गरमागरम असली की जास्त झोंबते ती त्यामुळेच.

उत्तरायणात मांज्यानं बोट कापलं, तर दुसऱ्या दिवशी रोजचाच चहाचा कप हातात धरवत नाही. कप तेवढाच गरम असतो, पण जखमेभोवती जमलेल्या प्रोस्टाग्लँडिनसारख्या रसायनांनी ते दार सैल झालेलं असतं आणि कमी उष्णतेलाही उघडतं. यात शरीराचा शहाणपणा आहे: दुखतं म्हणून आपण बोट जपतो. जखम भरली की बहुतेक वेळा दार पुन्हा घट्ट बसतं.

पण नेहमीच नाही. तीन महिन्यांच्या पुढे टिकलेल्या दुखण्याला जुनाट दुखणं म्हणतात. माझ्या आईला नागीण झाली होती. फोड वाळले, खपल्या पडल्या, कातडी स्वच्छ झाली. पण पुढे कित्येक महिने त्या बाजूला पदराचा स्पर्शही तिला सोसत नसे. घरात कुणीतरी म्हणालंही, “आता काही दिसत नाही, मग दुखतं कसं?” नागिणीच्या विषाणूनं नसेलाच इजा केलेली असते. इजा झालेला तंतू कारण नसताना आपणहून निरोप पाठवत राहतो. सतत निरोप आले की कण्यातल्या पेशीही हळव्या होतात आणि साध्या स्पर्शालाही दुखणं समजू लागतात. क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांतून हे दाखवलं. तेव्हा ‘मनाचे खेळ आहेत’ असं कुणी म्हणालं तर खचू नका. तुमचं दुखणं खरं आहे.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. हे तंतू नुसती खबर देत नाहीत, आपल्या टोकांतून सबस्टन्स पी आणि सीजीआरपी ही द्रव्यंही सोडतात. त्यानं तिथल्या रक्तवाहिन्या फुलतात, लाली आणि सूज येते, आणि त्या सुजेनं तंतू आणखी चिडतात. अर्धशिशीत या सीजीआरपीचा मोठा हात असतो. त्याला अडवणारी औषधं २०१८ पासून वापरात आली आहेत.

मधुमेह असणाऱ्यांनी पुढचं नीट वाचा. वाढलेल्या साखरेचा घाव बऱ्याचदा आधी याच बारीक तंतूंवर पडतो. रात्री तळपायांची आग होते, मुंग्या येतात. काही काळानं आग थांबते आणि माणूस सुटकेचा श्वास टाकतो. आम्हाला खरी काळजी वाटते ती इथे, कारण कधीकधी ते बरं होणं नसतं, खबर देणारे तंतूच गेलेले असतात. मे महिन्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालून तळव्याला फोड येतात आणि घरी कुणीतरी दाखवेपर्यंत पत्ताही लागत नाही. रोज रात्री आरशात तळवे बघा.

आमच्याकडे आम्ही जुनाट दुखणं एका झटक्यात घालवत नाही, तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. हळव्या झालेल्या नसांना हालचालीची पुन्हा सवय लावावी लागते: आज कामाटीबागेच्या फाटकापर्यंत, आठवड्यानं थोडं आत. दुसऱ्या दिवशी ठणका वाढला तर चाल थोडी कमी करायची, बंद करायची नाही. झोप सांभाळायची, कारण अपुऱ्या झोपेनं दुखणं वाढतं. वेदनाशामक गोळ्या मनानं रोज घेऊ नका, त्या मूत्रपिंडाला आणि पोटाला महागात पडतात.

पाय अचानक लुळा पडला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर आमच्याकडे न येता थेट इस्पितळ गाठा. पाठदुखीबरोबर ताप येत असेल किंवा वजन उतरत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

पहिल्या भेटीला पाऊण तास हाताशी ठेवा. जुने रिपोर्ट आणा, रोजची चप्पल घालूनच या. आणि दुखणं कुठे, केव्हा, कसं, ते घरच्या शब्दांत सांगा. ‘ठसठसतंय’ म्हणालात की आम्हाला कळतं.