मेटल डिटेक्टर घेऊन नदीत, शेतात उतरण्याआधी: परवानगी कुणाची, कागद कोणते?

उन्हाळ्यात कृष्णेचं पाणी उतरलं की कराड-सांगलीकडे पात्रातली वाळू उघडी पडते आणि हातात मेटल डिटेक्टर असलेल्याचे पाय तिकडे वळतात. सुट्टीत कोकणात गेला की तोच गडी गुहागरच्या किनाऱ्यावरही यंत्र फिरवतो. या छंदाचा वेगळा परवाना नाही, त्यामुळे छापील अर्जही नाही. जमीन कुणाची आणि सापडलं काय, एवढंच बघायचं.

नदीचं पात्र आणि भरतीरेषेखालचा समुद्रकिनारा जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 20 प्रमाणे सरकारचा. रिसॉर्टवाला ‘आमचा प्रायव्हेट बीच’ म्हणाला तरी त्याची परवानगी भरतीरेषेपर्यंतच. पात्रात उकरायचं असेल तर ठिकाण, तारीख, कारण लिहून ओळखपत्राच्या प्रतीसह तहसीलदारांकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. वाळू मात्र घरी आणू नका, तिच्यासाठी कलम 48 चा दंड आहे.

संरक्षित स्मारकाच्या हद्दीत विनापरवाना खोदकाम गुन्हा आहे. वासोटा किल्ला कोयना अभयारण्यात येतो, तिथं वनविभागाच्या परवानगीशिवाय पाऊलही टाकता येत नाही.

शेतात जायचं तर ताजा सातबारा काढा. खातं सामाईक असेल तर सगळ्यांच्या सह्या घ्या, एका भावाची मान हलली म्हणजे संमती झाली असं नाही. त्याच कागदावर वाटणीही लिहा. कारण 1878 च्या निखात निधी (म्हणजे जमिनीत दडलेलं धन) कायद्यानुसार धन बेवारस ठरलं आणि करार नसला, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला, एक चतुर्थांश जमीनमालकाला. हे ऐकून मालकाचा चेहरा पडतो, म्हणून आधीच बोललेलं बरं.

जमिनीत दडलेली, 10 रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. होय, दहाच रुपये. आकडा 1878 चाच आहे! पत्रात काय आणि किती सापडलं, कुठं, कोणत्या तारखेला, एवढं हवं. वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची किंवा जामीन द्यायचा. मग जाहीर सूचना निघते आणि दावेदारांना चार ते सहा महिन्यांच्या आतली तारीख मिळते. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जादा देऊन ते घेऊ शकतं. लपवलंत तर वाटा जातो, वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही.

घाटावर आंघोळीत कुणाची अंगठी पडलेली असेल तर तो निधी नव्हे. ती पोलीस ठाण्यात द्यायची.

गुप्तधनासाठी मांत्रिक आणू म्हणणारे अजून भेटतात. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्यासाठी आयुष्य वेचलं, तो 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा अशांसाठीच आहे.

शंभर वर्षांहून जुनं नाणं ऑनलाइन परदेशी ग्राहकाला विकण्याचा विचारही करू नका. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानं खासगी माणसाला त्याची निर्यात बंद आहे, आणि शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत.