प्रतिजैविकांचा औषधक्रम

जीवाणूंच्या संसर्गावर डॉक्टरांनी लिहून दिलेले प्रतिजैविक ठरलेल्या मात्रेत, ठरलेल्या अंतराने आणि ठरलेल्या मुदतीपर्यंत घेण्याची पद्धत. व्यवहारात तिला ‘अँटिबायोटिकचा कोर्स’ म्हणतात. सर्दी, फ्लू, बहुतेक खोकला व घसादुखी हे विषाणुजन्य विकार असल्याने त्यांवर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. औषध व मात्रा ठरवताना संभाव्य जीवाणू, संसर्गाची जागा, रुग्णाचे वय, वजन आणि मूत्रपिंड व यकृत यांचे कार्य विचारात घेतात. (औषधांचे वर्गीकरण व रासायनिक रचना यांसाठी ‘प्रतिजैविके’ ही नोंद पाहावी.)

नियमाचा उगम : बरे वाटू लागले तरी कोर्स मध्येच सोडू नये, हा नियम केव्हा व कशामुळे रूढ झाला याविषयी एकमत नाही. पुष्कळ लेखक तो अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या ११ डिसेंबर १९४५ च्या नोबेल व्याख्यानापर्यंत मागे नेतात. त्यात एक काल्पनिक उदाहरण आहे. घसा दुखतो म्हणून एक गृहस्थ स्वतःच पेनिसिलिन आणतो व अपुरे घेतो. त्याच्या घशातले स्ट्रेप्टोकॉकाय मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. पुढे त्याच जंतूंनी पत्नीला न्यूमोनिया होतो आणि पेनिसिलिन देऊनही ती दगावते. मात्र व्याख्यानात फ्लेमिंग यांचा भर अपुऱ्या मात्रेवर आहे. दिवस किती, हा त्यांचा मुद्दा नाही. शिवाय घसादुखीचा नेहमीचा स्ट्रेप्टोकॉकस पायोजिनीस हा जीवाणू इतक्या दशकांनंतरही उपचारांत पेनिसिलिनला दाद देतो.

दुसऱ्या मताप्रमाणे नियमामागे रोग उलटण्याची भीती होती, आणि उपलब्ध पुराव्याशी हेच मत अधिक जुळते. ऑक्सफर्ड येथे १२ फेब्रुवारी १९४१ रोजी आल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला पेनिसिलिनचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. चेहऱ्यावरील जखम चिघळून त्यांना गंभीर जंतुसंसर्ग झाला होता. (गुलाबाचा काटा लागल्याची कथा प्रचलित असली, तरी जखम बाँबहल्ल्यातील असावी असेही मानतात.) दिवसभरात ताप उतरू लागला. परंतु साठा इतका तोकडा होता की रुग्णाच्या लघवीतून पेनिसिलिन वेगळे काढून पुन्हा टोचावे लागले. काही दिवसांत तेही संपले, संसर्ग उलटला आणि १५ मार्चला त्यांचा मृत्यू झाला. घसादुखीसाठी दहा दिवस पेनिसिलिन देण्याच्या प्रघाताला संधिवाताच्या तापाची (स्ट्रेप्टोकॉकसच्या घसादुखीनंतर उद्भवणाऱ्या, सांधे व हृदय यांना इजा करणाऱ्या विकाराची) पार्श्वभूमी आहे. १९५० च्या सुमारास अमेरिकी सैनिकांवरील अभ्यासांतून पेनिसिलिनने हा ताप टळतो असे दिसले व दीर्घ मुदतीचा आग्रह पुढे बळावला.

क्षयरोगाचा दाखला दोन्ही बाजूंनी दिला जातो, म्हणून तो नीट पाहणे आवश्यक आहे. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत एकटे स्ट्रेप्टोमायसिन घेणाऱ्या अनेक रुग्णांमधील जंतू उपचार चालू असतानाच औषधरोधी (औषधाला दाद न देणारे) झाले. येथे औषध लवकर थांबवले गेले नव्हते. दोष एकट्या औषधाचा होता आणि पीएएस हे दुसरे औषध जोडल्यावर रोध बराच घटला. आजचा सहा महिन्यांचा कोर्स सुस्त पडून राहिलेल्या जंतूंमुळे रोग उलटू नये यासाठी आहे. अशा चिवट, पण औषधरोधी नसलेल्या जीवाणूंचे वर्णन जीवाणुशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांनी १९४४ मध्येच केले होते.

मुदतीचा वाद : २०१७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मार्टिन लेवेलिन व सहकाऱ्यांनी कोर्स पूर्ण न केल्याने औषधरोध वाढतो या समजुतीला पुरावा नाही, असे मांडले. प्रतिजैविक रोगजंतूंबरोबरच आतड्यातील व त्वचेवरील निरुपद्रवी जीवाणूंवरही काम करते. औषध जितके अधिक दिवस, तितकी त्यांच्यातील रोधी वाणांना मोकळी जागा. पुढे संधी मिळताच हेच जीवाणू रोग निर्माण करू शकतात. सात किंवा चौदा दिवसांच्या मुदतींमागे आठवड्याच्या मोजणीपलीकडे फारसा आधार नाही, हे अमेरिकी संसर्गरोगतज्ज्ञ ब्रॅड स्पेलबर्ग यांनीही निदर्शनास आणले आहे. बरे वाटणे म्हणजे बरे होणे असा अर्थ लोक काढतील, ही टीकाकारांची भीती अनाठायी नाही. त्यामुळे मुदत छोटी असावी, पण ती डॉक्टरांनी ठरवावी, ही मध्यम भूमिका ग्राह्य वाटते. प्रौढांच्या साध्या न्यूमोनियात प्रकृती स्थिरावल्यास पाच दिवस पुरतात. स्त्रियांच्या साध्या मूत्राशयदाहात नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस, तर फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची एकच मात्रा देतात. याउलट दोन वर्षांखालील बालकांच्या मध्यकर्णदाहात दहा दिवसांच्या तुलनेत पाच दिवस उणे पडले (२०१६). स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू रक्तात पसरल्यास किमान चौदा दिवस उपचार लागतात. क्षय व कुष्ठरोग यांना ही सूट नाही. घरी औषध घेणाऱ्याला लवकर बरे वाटले, तर गोळ्या बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारणे हाच मार्ग उरतो.

सेवन : पेनिसिलिन गटातील औषधांचा परिणाम रक्तातील पातळी किती वेळ पुरेशी राहते यावर अवलंबून असतो. अमॉक्सिसिलिनची रक्तातील पातळी साधारण तासाभरात निम्मी होते. म्हणून ‘दिवसातून तीनदा’ याचा अर्थ सुमारे आठ-आठ तासांनी. जेंटामायसिनसारख्या औषधांत पातळी किती उंच जाते याला महत्त्व असल्याने ते अनेकदा दिवसातून एकदाच टोचतात. डोस चुकल्यास आठवताच घ्यावा. पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्यावा. दोन डोस एकदम घेऊ नयेत.

टेट्रासायक्लीन व सिप्रोफ्लॉक्सासिन ही औषधे कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम व ॲल्युमिनियम यांच्याशी बांधली जातात आणि आतड्यात नीट शोषली जात नाहीत. त्यामुळे दूध, लोहाच्या गोळ्या व आम्लपित्तावरील औषधे यांपासून काही तासांचे अंतर ठेवावे लागते. डॉक्सिसायक्लीन भरपूर पाण्याबरोबर, बसून किंवा उभ्याने घ्यावे व नंतर निदान अर्धा तास आडवे होऊ नये. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तेथे व्रण पडतो. क्लॉक्सासिलिन रिकाम्या पोटी चांगले शोषले जाते. नायट्रोफ्युरँटॉइन जेवणाबरोबर घेतात. क्लॅरिथ्रोमायसिन चालू असताना सिमव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलवरील औषध बंद ठेवावे लागते. वॉरफॅरिन (रक्त गोठू न देणारे औषध) घेणाऱ्यांमध्ये अनेक प्रतिजैविकांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. क्षयावरील रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्या निष्प्रभ होऊ शकतात.

मुलांसाठीच्या कोरड्या भुकटीच्या बाटलीत उकळून गार केलेले पाणी आधी थोडे घालून हलवतात. फेस बसला की पातळी खुणेच्या खाली जाते, तेव्हा खुणेपर्यंत पुन्हा पाणी घालतात. ही पायरी राहिली तर औषध दाट होते आणि प्रत्येक चमच्यात मात्रा जास्त जाते. मोजण्यासाठी सोबतचे माप वा सिरिंज वापरतात. घरातले चमचे एका आकाराचे नसतात. तयार औषध वेष्टनावर लिहिलेल्या दिवसांनंतर टाकून द्यावे. उरलेल्या गोळ्या पुढच्या आजारासाठी जपून ठेवू नयेत किंवा दुसऱ्याला देऊ नयेत.

दुष्परिणाम : मळमळ व पातळ जुलाब हे नेहमीचे. पाण्यासारखे वारंवार किंवा रक्तमिश्रित जुलाब झाल्यास क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल या जीवाणूची शंका घेतात. तो कोर्स संपल्यावरही कित्येक आठवड्यांनी डोके वर काढू शकतो. अशा वेळी जुलाब थांबवणारी गोळी स्वतःहून घेऊ नये. फ्लुओरोक्विनोलोन गटातील (उदा., सिप्रोफ्लॉक्सासिन) औषधांनी स्नायुबंध दुखावू शकतात, क्वचित तुटतात. टाचेमागे दुखू लागल्यास औषध थांबवून डॉक्टरांना कळवावे. ओठ वा चेहरा सुजणे, अंगावर गांधी उठून श्वास लागणे ही आणीबाणी असून रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. प्रत्येक पुरळ मात्र ॲलर्जी नसते. एप्स्टाइन-बार विषाणूच्या तापात अमॉक्सिसिलिन दिल्यास अनेकांच्या अंगावर पुरळ येते आणि ‘पेनिसिलिन चालत नाही’ ही नोंद जन्मभर चिकटते. अशी नोंद असलेल्या बहुतेकांना चाचणीअंती पेनिसिलिन चालते असे आढळते. म्हणून कोणते औषध होते, कितव्या डोसनंतर काय झाले आणि त्रास किती वेळ टिकला, हे डॉक्टरांना तपशीलवार सांगावे.