पार्श्वभूमी: पंख्याचा वेग ठरवणारं गणित

सीपीयू तापला की पंखा किती फिरवायचा, हे ठरवणारं गणित संगणकापेक्षा जुनं आहे. १९२२ मध्ये निकोलस मिनॉर्स्कीने जहाजाचं सुकाणू आपोआप चालवण्यासाठी मांडलेला विचार म्हणजेच आजचा पीआयडी हा नियंत्रणाचा नियम: चूक किती, ती किती साचली आणि किती वेगाने बदलतेय.

डोकेदुखी त्यातले तीन आकडे, म्हणजे या तिन्ही गोष्टींना किती वजन द्यायचं ते, जुळवण्याची. टेलर इन्स्ट्रुमेंट कंपनीतल्या झिग्लर आणि निकोल्स यांनी १९४२ मध्ये तोडगा दिला. यंत्रणा एकसारखी हेलकावू लागेपर्यंत गेन (चुकीला दिलेल्या प्रतिसादाचा जोर) वाढवायचा, मग त्याच्या ०.६ पट ठेवायचा. तरी थोडे हेलकावे उरतातच. पुढची लाट आधीच्या साधारण चौथाई. रासायनिक कारखान्यात ते खपून जातं. टेबलावरच्या पंख्यात खपत नाही. एकसुरी आवाज कानाला सवयीचा होतो, पण आरपीएम (मिनिटाचे फेरे) वरखाली झाला की काम करणारा माणूस वैतागतो. चार पिनांच्या पंख्याला २५ किलोहर्ट्झचे पल्स देतात, तेही ते ऐकू येऊ नयेत म्हणूनच. माझ्या मते हे ट्यूनिंग निम्मं तापमानासाठी, निम्मं कानासाठी असतं.

बरं, जुळवलेले आकडे टिकतात कुठे? हीटसिंकमध्ये धूळ बसते, थर्मल पेस्ट वाळते, मे महिन्यात खोलीच तापते. त्यात सेन्सर पूर्ण अंशात मोजणारा असला, तर ५९ चे ६० होताच बदलाचा वेग पाहणारा भाग उगाच दचकतो.

चालता चालता स्वतःला जुळवून घेणारे कंट्रोलर १९५० च्या दशकात विमानांसाठी आले. संगणकाच्या पंख्याला जास्त लागू पडणारं काम मात्र स्वीडनमधल्या लुंडचं. तिथे ऑस्ट्रम आणि विटेनमार्क यांनी १९७३ मध्ये स्वतः ट्यून होणारा रेग्युलेटर, म्हणजे कंट्रोलर, मांडला. १९८४ मध्ये ऑस्ट्रम आणि हेग्लुंड यांनी रिलेची, म्हणजे चालू-बंद स्विचसारख्या नियंत्रणाची, युक्ती काढली. पंख्याच्या भाषेत सांगायचं तर तापमान ठरल्या रेषेवर गेलं की वेग एक पायरी वर, खाली आलं की एक पायरी खाली. तापमान छोटे, आवाक्यातले हेलकावे घेतं आणि त्यांच्या उंचीवरून व कालावधीवरून झिग्लर-निकोल्सना लागणारे दोन्ही आकडे, म्हणजे हेलकावे सुरू करणारा गेन आणि त्यांचा कालावधी, मिळतात. यंत्रणा अस्थिरतेच्या काठावर न्यावी लागत नाही.

पुढे गूगलच्या डेटा सेंटरमध्ये डीपमाइंड या त्यांच्याच एआय कंपनीच्या मशीन लर्निंगने कूलिंगची वीज ४० टक्क्यांपर्यंत वाचवल्याचं २०१६ मध्ये जाहीर झालं. २०१८ पासून ती प्रणाली दर पाच मिनिटांनी स्वतःच आदेश देऊ लागली, पण स्थानिक नियंत्रण यंत्रणेने तपासल्याशिवाय एकही आदेश लागू होत नाही.