रजा रोखीकरण
शिल्लक अर्जित (कामाच्या दिवसांनुसार जमणाऱ्या) रजेच्या बदल्यात कर्मचाऱ्याला मिळणारी रोख रक्कम. किरकोळ रजा यात धरत नाहीत; ती वर्षअखेरीस व्यपगत होते, म्हणजे बुडते. महाराष्ट्रात दुकाने, कार्यालये, कारखाने व शासकीय सेवा यांचे नियम वेगवेगळे असून, गफलत बहुधा एकाचा नियम दुसऱ्याला लावल्याने होते.

दुकाने व खाजगी कार्यालये : 1948 च्या मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियमात 240 दिवस काम केल्यास 21 दिवसांची रजा मिळे व 42 दिवसांपर्यंत साठवता येई. त्याच्या जागी आलेल्या 2017 च्या महाराष्ट्र अधिनियमाच्या कलम 18 नुसार दर 20 दिवसांच्या कामामागे एक दिवस रजा मिळते व साठ्याची मर्यादा 45 दिवसांची आहे. 45 दिवसांवरील रजेचे पैसे मागण्याचा हक्क मात्र आपोआप उद्भवत नाही. रजेचा अर्ज 15 दिवस आधी केलेला आणि मालकाने तो नाकारलेला असावा लागतो. प्रत्यक्षात नकार तोंडी दिला जातो, संगणकीय रजा-नोंदीत 31 डिसेंबरला आकडा 45 वर आणला जातो आणि कर्मचाऱ्याजवळ पुरावा उरत नाही. अर्जाची पोच किंवा नकाराचा ई-मेल यामुळेच महत्त्वाचा.

कारखाने : 1948 च्या कारखाने अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 हिने घेतली असून ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. रजेच्या पात्रतेसाठी वर्षातील कामाच्या दिवसांची अट 240 वरून 180 दिवसांवर आली. मोजणीचा बारकावा जुनाच आहे. ले-ऑफचे (मालक काम देऊ न शकल्याचे) दिवस व प्रसूती रजा पात्रतेसाठी धरतात, परंतु त्या दिवसांवर रजा जमा होत नाही. उदा., 170 दिवस काम व 25 दिवस ले-ऑफ झाल्यास बेरीज 195 होऊन कामगार पात्र ठरतो, मात्र रजा 170 ला 20 ने भागून 8.5, म्हणजे पूर्णांकात 9 दिवस मिळते (अर्धा किंवा अधिक अपूर्णांक पूर्ण दिवस धरतात). पुढील वर्षी 30 दिवसांपर्यंत रजा नेता येते. मागूनही नाकारलेल्या रजेला ही मर्यादा नाही. संहितेने वर्षअखेरीस मागणी करून रोखीकरणाचा नवा पर्याय दिला आहे. राजीनामा वा बडतर्फीनंतर दुसरा कामाचा दिवस संपण्याआधी, तर निवृत्ती वा मृत्यूनंतर दोन महिन्यांत रक्कम देय होते. व्यवस्थापक, तसेच ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक वेतन असलेले पर्यवेक्षक ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाहीत. त्यांना नियुक्तिपत्राचाच आधार.

स्वरूपाविषयीचा वाद : रोखीकरण ही मालकाची सवलत की आधीच कमावलेले वेतन, यावर मतभेद आहेत. सवलत मानणारे पक्ष राजीनामा देणाऱ्याला रक्कम नाकारतात. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये झारखंड शासनाच्या प्रकरणात निवृत्तिवेतन व रजा रोखीकरण हे राज्यघटनेच्या अनुच्छेद 300अ (मालमत्तेचा हक्क) खालील मालमत्ता मानले. मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये विदर्भ कोकण ग्रामीण बँकेतून राजीनामा दिलेल्यांच्या बाबतीत अर्जित रजेचे पैसे वेतनासमानच ठरवले. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्येच ही भूमिका घेतली होती. तेथे साचलेली सुटी बुडवता येत नाही, फक्त साठ्याला कमाल मर्यादा घालता येते. वेतनाची बाजू अधिक सयुक्तिक दिसते, कारण रजा कामाच्या दिवसांच्या प्रमाणात जमते. तरीही मणिपाल शिक्षणसंस्थेच्या 2008 च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने भविष्यनिर्वाह निधीसाठी रोखीकरणाची रक्कम मूळ वेतनात धरली नाही, हे विसरता येत नाही.

दर : मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 26,000 रुपये असल्यास 26 ने (महिन्यातील कामाचे दिवस) भागून दिवसाला 1,000 आणि 30 ने (महिन्याचे सर्व दिवस) भागून सुमारे 867 रुपये येतात. शासकीय सेवेत 30 चा भाजक वापरतात व निवृत्तीच्या वेळी कमाल 300 दिवस धरतात. खाजगी क्षेत्रात भाजक लेखी धोरणात नसेल, तर हिशेबाच्या वेळी वाद ठरलेलाच.

प्राप्तिकर : नोकरीत असताना घेतलेली रक्कम करपात्र. नोकरी सोडताना वा निवृत्तीच्या वेळी बिगरशासकीय कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या सवलतीची मर्यादा 1 एप्रिल 2023 पासून 3 लाखांवरून 25 लाख रुपये झाली.