सावळ्या वर्णाला मातकट रंग शोभत नाहीत?

‘सावळ्या माणसांनी विटकरी, मेंदी, मोहरी रंग टाळावेत, चेहरा काळवंडतो’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. त्यामागे निरीक्षण आहे, ते असं: कापड त्वचेइतकंच गडद असेल, तर दोन्ही एकमेकांत मिसळतात. पण हा दोष त्या एका छटेचा, सगळ्या मातकट रंगांचा नाही. गोऱ्या वर्णावर फिकट बदामी कुर्ताही असाच विरतो. त्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली ठरवू नका. दिवसा खिडकीपाशी कापड हनुवटीखाली धरा, फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट करा. चेहरा आणि कापड एकाच करड्या छटेत दिसले, तर कुर्ता तोच ठेवून ओढणी हस्तिदंती घ्या. विटकरी कुर्ता नि मोहरी ओढणी तर सावळ्या वर्णावर जास्तच खुलते, असं माझं मत.