इम्पोर्ट करताना पायथॉन नेमके काय आणतो?

पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवणाऱ्या व्हिडिओंमध्ये एक सल्ला वारंवार ऐकू येतो: संपूर्ण मॉड्यूल (तयार कोडचा संच) इम्पोर्ट करू नका, म्हणजे आपल्या प्रोग्रॅममध्ये आणू नका, हवे तेवढेच फंक्शन घ्या, म्हणजे मेमरी वाचेल आणि प्रोग्रॅमही वेगाने चालेल. सल्ला काटकसरीचा वाटतो. त्यातला मेमरीचा भाग मात्र साफ चुकीचा आहे.

'फ्रॉम मॅथ इम्पोर्ट एसक्यूआरटी' असे लिहून गणिताच्या मॅथ मॉड्यूलमधले वर्गमूळ काढणारे एसक्यूआरटी हे फंक्शन तेवढे मागितले (प्रोग्रॅममध्ये हे शब्द अर्थातच रोमन लिपीत टंकावे लागतात) तरी पायथॉन आधी मॅथ हे संपूर्ण मॉड्यूलच आणतो. पायथॉनमध्ये लिहिलेले मॉड्यूल प्रथमच मागितले गेले, की त्याची फाइल शोधून ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चालवली जाते आणि त्यातून तयार झालेला मॉड्यूल ऑब्जेक्ट (मेमरीतली वस्तू) 'सिस.मॉड्यूल्स' या डिक्शनरीत, म्हणजे नाव आणि वस्तू यांच्या जोड्यांच्या नोंदवहीत, नोंदवला जातो. पुढे त्याच प्रोग्रॅममध्ये ते मॉड्यूल कितीही ठिकाणी मागितले, तरी फाइल पुन्हा चालत नाही. ही नोंदच पुरते. फरक पडतो तो अखेरच्या पायरीवर. साध्या इम्पोर्टने आपल्या फाइलच्या नेमस्पेसमध्ये (तिला ठाऊक असलेल्या नावांच्या यादीत) 'मॅथ' हे नाव येते, तर फ्रॉम वापरल्यास 'एसक्यूआरटी' हे नाव थेट येते. वेगाचे म्हणाल, तर दर वेळी मॉड्यूलमध्ये डोकावून फंक्शन शोधण्याचा एक टप्पा वाचतो खरा, पण लाखो वेळा फिरणाऱ्या लूपखेरीज तो कुणाच्या लक्षातही येणार नाही.

इम्पोर्टच्या ओळीत शेवटी 'ॲज' लावून दिलेले टोपणनावही असेच केवळ एक नाव असते. ही सोय ऑक्टोबर २००० मध्ये आलेल्या पायथॉन २.० पासून आहे. घरी बंड्या आणि रेशनकार्डावर भालचंद्र असला तरी माणूस एकच, तसे 'ॲज वर्गमूळ' म्हटल्याने फंक्शनची प्रत निघत नाही. 'वर्गमूळ इज मॅथ.एसक्यूआरटी', म्हणजे ही दोन्ही नावे एकाच ऑब्जेक्टची आहेत का, असे विचारल्यास उत्तर 'ट्रू' येते. (पायथॉन ३ मध्ये नावे देवनागरीत चालतात, त्यामुळे 'वर्गमूळ' खरोखरच मराठीत लिहिता येते.)

नाव म्हणजे केवळ एका ऑब्जेक्टकडे दाखवणारी खूण, हे लक्षात आले की एक चकवाही उलगडतो. समजा, 'कर' नावाच्या मॉड्यूलमध्ये 'टक्के' या नावाची किंमत १२ आहे आणि आपण ते नाव फ्रॉम वापरून आणले. नंतर दुसऱ्या एखाद्या फाइलने 'कर.टक्के' बदलून १८ केले, तरी आपल्याकडे १२ च दिसत राहते, कारण बदलली ती 'कर' मॉड्यूलमधली खूण. आपली खूण जुन्या १२ कडेच बोट दाखवत असते. याउलट, ती किंमत संख्या नसून लिस्ट असेल आणि कुणी त्याच लिस्टमध्ये 'अपेंड'ने भर घातली, तर ती भर दोन्हीकडे दिसते, कारण तिथे खूण हललीच नाही, ऑब्जेक्ट आतून बदलला. वारंवार बदलणाऱ्या किमती असतील, तर 'इम्पोर्ट कर' असेच लिहून दर वेळी 'कर.टक्के' म्हणणे श्रेयस्कर.

टोपणनावाचा खरा उपयोग टंकश्रम वाचवण्यापेक्षा नावांची टक्कर टाळण्यात आहे. एसक्यूआरटी मॅथमध्येही आहे आणि संमिश्र संख्यांसाठीच्या सीमॅथमध्येही. उणे १ दिल्यास पहिले 'व्हॅल्यूएरर' देते, दुसरे १जे (उणे १ चे काल्पनिक वर्गमूळ) हे उत्तर देते. दोन्ही त्याच नावाने आणली, तर नंतर आणलेले आधीचे नाव निमूटपणे पुसून टाकते, सूचनासुद्धा मिळत नाही. एकाला 'ॲज' लावले की प्रश्न मिटतो.

तारांकित इम्पोर्टमध्ये, म्हणजे * लिहून मॉड्यूलमधली सार्वजनिक नावे एकदम आणताना, मात्र टोपणनाव देण्याची सोयच नाही. 'फ्रॉम ओएस इम्पोर्ट *' लिहिले, की ओएसमधले (ऑपरेटिंग सिस्टिमशी बोलणाऱ्या मॉड्यूलमधले) 'ओपन' पायथॉनच्या नेहमीच्या 'ओपन'ला झाकून टाकते, आणि मग फक्त नाव देऊन साधी मजकुराची फाइल उघडायला गेले तरी 'फ्लॅग्ज' हा आर्ग्युमेंट दिला नाही, अशी तक्रार करणारा 'टाइपएरर' समोर येतो.