आयसिंगचा रंग आणि आयसिंगमधले पाणी

लाल रंग घातला तरी आयसिंग गुलाबीच राहते. आणखी घातला की ते सैल पडते, चव कडवट होते, आणि तरीही हवा तो लाल काही येत नाही. घरी वाढदिवसाचा केक सजवणाऱ्यांना ही अडचण हमखास येते. दोष मात्र रंगाचा क्वचितच असतो. खाण्याचे नेहमीचे रंग पाण्यात विरघळतात, लोण्यात नाही. त्यामुळे आयसिंगमध्ये पाणी किती आहे आणि ते कुठे आहे, हे कळले की रंग कसा वागेल ते बरेचसे आधीच सांगता येते.

साधे बटरक्रीम घेऊ: २५० ग्रॅम बिनमिठाचे बटर, ५०० ग्रॅम आयसिंग शुगर आणि २ मोठे चमचे दूध. बटरमध्ये साधारण १६ टक्के, म्हणजे ४० ग्रॅम पाणी असते. दुधातले धरून ते ६५ ग्रॅमच्या आसपास जाते. खोलीच्या तापमानाला पाण्यात त्याच्या वजनाच्या साधारण दुप्पट साखर विरघळते. म्हणजे सुमारे १३० ग्रॅम साखरेचा पाक होतो आणि उरलेली ३७० ग्रॅम बारीक कणांच्या रूपात तशीच राहते. हा पाक चरबीमध्ये सूक्ष्म थेंबांच्या रूपाने अडकलेला असतो आणि रंग विरघळतो तो फक्त या थेंबांत. साखरेचे कण आणि फेटताना शिरलेले हवेचे बुडबुडे प्रकाश विखुरतात, म्हणून सगळेच फिके दिसते.

यात १० मिलिलिटर पातळ रंग घातला तर तो आणखी २० ग्रॅम साखर विरघळवू शकतो. आयसिंगला घट्टपणा देणारे कण कमी होतात, पाक वाढतो आणि नोजलमधून काढलेल्या गुलाबाच्या पाकळ्या बसू लागतात. वरून साखर घालून घट्टपणा परत आणता येतो, पण कण वाढले की रंग पुन्हा फिका. म्हणून बटरक्रीमसाठी पातळ रंग घेऊच नयेत. जेल रंगात रंगद्रव्य दाट असते आणि पाणी अगदी थोडे. हलक्या छटेसाठी १०० ग्रॅम आयसिंगला टूथपिकच्या टोकावर येईल एवढे जेल पुरते. दर वेळी नवीन टूथपिक घ्यावी. एका छटेचे आयसिंग लागेल त्यापेक्षा थोडे जास्तच रंगवावे, कारण संपल्यावर तीच छटा पुन्हा जुळवणे फार कठीण असते.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात: थांबणे. जेलचे बारीक ठिपके थेंबाथेंबांतल्या पाकात विरघळून पसरायला वेळ लागतो, त्यामुळे झाकून ठेवलेल्या बटरक्रीमचा रंग काही तासांत आपोआप गडद होतो. लाल, काळा आणि गडद निळा आदल्या दिवशीच करून ठेवावा आणि हव्या त्या छटेच्या थोडे अलीकडेच थांबावे. घाई असेल तर रंगवलेल्या आयसिंगचा पाव भाग मायक्रोवेव्हमध्ये ५-५ सेकंद तापवून पातळ करावा आणि उरलेल्यात घोटावा. चरबी वितळली की अडकलेले ठिपके सुटतात, काही बुडबुडेही निघून जातात आणि त्याच जेलमध्ये रंग ठळक दिसतो. सगळेच सैल झाले तर १० मिनिटे फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा फेटावे. काळ्यासाठी पांढऱ्यापासून सुरुवात करू नये. साधारण ५० ग्रॅम कोको घालून आधी तपकिरी करावे, मग काळे जेल फार कमी लागते आणि कडवटपणाही टळतो.

निळा हिरवट का दिसतो? बटर मुळात पिवळसर असते, त्यातल्या बीटा-कॅरोटीनमुळे. निळ्यात पिवळे मिसळले की हिरवी झाक येणारच. त्यासाठी बटर १८ ते २० अंश सेल्सिअसवर असताना ५ ते ७ मिनिटे एकटेच फेटावे. हवा भरून ते पांढरट होते. साखर मिसळून झाल्यावर जांभळ्या जेलचा अगदी कण घालावा. जांभळा पिवळ्याला मारतो. कण जास्त झाला तर आयसिंग राखाडी होते, म्हणून इथे हात आखडताच ठेवावा.

व्हिप्ड क्रीमची रचना बटरक्रीमच्या नेमकी उलट असते. तिथे पाणी थेंबांत कोंडलेले नसते, चरबीच्या कणांभोवती सलग पसरलेले असते. रंग पटकन एकसारखा मिसळतो, पण तितक्याच सहज शेजारच्या पांढऱ्यातही उतरतो. क्रीमवर गडद अक्षरे काढायची असतील तर ती केक कापण्याच्या थोडीच आधी काढावीत.

रॉयल आयसिंगमध्ये चरबी नसतेच. अंड्याच्या पांढऱ्यातील प्रथिने आणि साखर एवढाच त्याचा आधार, त्यामुळे भांड्याला तुपाचा ओशटपणा राहिला तरी फेस नीट उभा राहत नाही. कच्च्या अंड्याऐवजी पाश्चराइज केलेला पांढरा भाग किंवा मेरिंग पावडर (अंड्याच्या वाळवलेल्या पांढऱ्याची भुकटी) वापरावी. दोन ओले रंग शेजारी आले की पाणी एकीकडून दुसरीकडे सरकते आणि त्याबरोबर रंगही. आधी गडद भाग भरावा, पंख्याखाली वरचा थर कडक होऊ द्यावा, शक्य तर रात्रभर, आणि मगच पांढरा भरावा. जेल फार झाले तर हे आयसिंग चिकट राहते, कारण जेलमधले ग्लिसरीन किंवा ग्लुकोज सिरप ओलावा धरून ठेवते. चॉकलेटमध्ये पाण्याचे काही थेंब पडले तरी साखरेचे कण एकमेकांना चिकटून त्याचा घट्ट गोळा होतो. तिथे तेलात मिसळणारेच रंग लागतात.

खाण्याचे रंग पाण्यात विरघळतात, या नियमाला हळद छान अपवाद आहे. तिच्यातले कर्क्युमिन चरबीत विरघळते, त्यामुळे बटरक्रीमला सुरेख पिवळा रंग येतो, पण उजेडात तो उडतो. लाल कोबीचा रस जांभळा. लिंबाने गुलाबी, चिमूटभर सोड्याने निळा. कृत्रिम जांभळ्यालाही उजेड सोसत नाही: त्यातला लाल अंश आधी फिका पडतो आणि केक निळसर दिसू लागतो. म्हणून तयार केक खिडकीजवळ ठेवू नये.

फ्रिजमधून काढलेल्या केकवर रंगांचे ओघळ येतात, तेही पाण्यामुळेच. गार पृष्ठभागावर हवेतील बाष्प साचते आणि वरचा रंग त्यात विरघळतो. केक बंद खोक्यात ठेवावा आणि बाहेर काढल्यावर तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत खोके उघडू नये. मग बाष्प साचते ते खोक्यावर.

सोनेरी-रुपेरी चमक मात्र विरघळत नाही. खाण्याजोग्या चमकपुडीत बहुधा लेप दिलेले अभ्रकाचे कण असतात, आणि ते कोरड्या ब्रशने वरून लावायचे असतात. पुडीवर ‘विषारी नाही’ असे लिहिले म्हणजे ती खाण्याची असते, असे नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात आणि २०१९ मध्ये मिसुरीत केकवरच्या अशा सजावटीच्या पुडीतून जड धातूंची विषबाधा झाली होती. एकीकडे तांबे, दुसरीकडे शिसे. पुडीवर ‘खाद्य’ हा शब्द आणि घटकांची यादी, दोन्ही हवीत. नसतील तर ती पुडी कापण्याआधी काढून घेता येणाऱ्या शोभेच्या वस्तूवर लावावी आणि त्या वस्तूखाली कागद ठेवावा.